सरकारी पगारावरचा दिग्दर्शक : फायद्यात की तोट्यात? (फ्रँक बायर आणि डेफा)

मुक्काम_पोस्ट_पॉट्सडॅम

सध्या जुने पूर्व जर्मन सिनेमे बघायचा सपाटा लावलाय. त्यातून एक प्रश्न डोक्यात घोळतोय, तो इथे टाकतो. सिनेमावाल्यांनी लिहावंच, पण सरकारी नोकरीत हाडं झिजवलेल्यांनीही लिहावं. कारण सांगतो.

फ्रँक बायर हा दिग्दर्शक आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. जन्म १९३२, थुरिंगियातला. प्रागच्या फामूमध्ये सिनेमा शिकला आणि तिथून थेट डेफात लागला. डेफा म्हणजे पूर्व जर्मनीचा सरकारी स्टुडिओ. १९४६ साली सोव्हिएत परवान्यावर सुरू झाला, बर्लिनच्या वेशीवर, बाबेल्सबर्गला. जागा जुन्या उफा स्टुडिओची, जिथे 'मेट्रोपोलिस'चं चित्रीकरण झालं तीच. थिएटरसाठी कथापट काढणारी देशातली एकमेव संस्था. वर्षाला पंधरा-वीस चित्रपट, कर्मचारी दोन हजारांवर, आणि दिग्दर्शकापासून शिंप्यापर्यंत सगळे महिन्याच्या पगारावर.

आता या माणसाची घोडदौड बघा. अठ्ठाविसाव्या वर्षी स्पेनच्या यादवी युद्धावरचा चित्रपट. एकतिसाव्या वर्षी बुखेनवाल्ड छळछावणीत कैद्यांनी लपवलेल्या एका लहान मुलाची गोष्ट, 'नाक्ट उंटर व्योल्फन'. त्याच वर्षी 'कार्बिड उंड झाउअरआम्फर' ही धमाल कॉमेडी: १९४५चं उद्ध्वस्त जर्मनी, आणि एक बिचारा कार्बाइडची सात पिंपं घेऊन व्हिटनबेर्गंहून ड्रेस्डेनला निघालाय. खाजगी निर्माता असता तर या वयाच्या पोराला असं एकापाठोपाठ एक कोण देणार होतं?

मग १९६६ साली 'श्पूर डेर श्टाइनं'. बांधकामाच्या साइटवरचा सिनेमा, आणि काही दिवसांतच थिएटरांतून काढून घेतला. बायरला डेफातून बाहेर काढलं आणि ड्रेस्डेनच्या नाट्यगृहात पाठवलं. थिएटरसाठीचा पुढचा चित्रपट उगवला १९७४ साली. तोच 'याकोब डेर ल्यूग्नर', ऑस्करच्या परदेशी चित्रपट विभागात नामांकन मिळवणारा पूर्व जर्मनीचा एकमेव चित्रपट.

काडी टाकतो: हिशेब मांडला तर स्टुडिओने त्याच्याकडून घेतलं त्यापेक्षा त्याला दिलं जास्त. बोला.

चहाबाज

काडी पडलेली आहे. आधण ठेवतो.

स्पष्टच_सांगते

सपशेल असहमत. चौतीस ते बेचाळीस ही दिग्दर्शकाची ऐन उमेदीची वर्षं. ती काढून घेतली आणि वर म्हणायचं दिलं जास्त? दिलं होतं ते पगार म्हणून, त्याने काम केलं त्याचा मोबदला. उपकार कसले?

रीळवाला

छान विषय. मी फिल्म सोसायटीच्या जमान्यातला. थोडं विस्ताराने लिहितो, कारण इथे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आपलं सेन्सॉर बोर्ड येणार आणि डेफाचं प्रकरण तसं नव्हतं.

आपल्याकडे निर्माता चित्रपट पुरा करतो, मग बोर्डाकडे जातो. भांडण दोन बाजूंचं. डेफात दुसरी बाजूच नाही. विषयाचं टिपण मंजूर, मग कथाविस्तार मंजूर, मग पटकथा, मग चित्रीकरणाची संहिता, मग कच्चं संकलन, मग स्टुडिओने चित्रपट 'स्वीकारायचा', आणि शेवटी संस्कृती मंत्रालयाच्या चित्रपट विभागाने परवाना द्यायचा. प्रत्येक पायरीवर सह्या. दिग्दर्शक एका कलाकार-गटात असायचा, त्या गटाचे स्वतःचे द्रामातुर्ग. ही मंडळी लेखक-दिग्दर्शकाबरोबर बसून पटकथा घासूनपुसून घ्यायची आणि बरेचदा वरच्यांशी त्याच्या बाजूने भांडायची.

म्हणजे चित्रपट तयार होईपर्यंत तो पंधरावीस जणांच्या सह्यांचा झालेला असे. त्यामुळे बंदी आली की नुसता दिग्दर्शक बुडायचा नाही. डिसेंबर १९६५ मध्ये सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीचं अकरावं अधिवेशन झालं. खरं तर ते अर्थकारणावर व्हायचं होतं. पक्षातला बडा नेता होनेकर याने अहवाल वाचला आणि सगळी आग साहित्य-सिनेमावर. कुर्ट मेट्झिग आणि फ्रँक फोगेल यांचे दोन चित्रपट प्रतिनिधींना मुद्दाम दाखवले, हे बघा काय चाललंय म्हणून. पाठोपाठ डझनभर चित्रपट कपाटात गेले. संस्कृतिमंत्री बेंट्सिन गेले, स्टुडिओप्रमुख म्यूकनबेर्गर गेले. मेट्झिग तर डेफाच्या संस्थापकांपैकी. त्याला पक्षाच्या वृत्तपत्रात जाहीर आत्मटीका लिहावी लागली.

'श्पूर' त्या वेळी पुरा व्हायचा होता. आणि तो सुरक्षित वाटत होता, कारण एरिक नॉइचच्या ज्या कादंबरीवर बेतलाय तिला राष्ट्रीय पारितोषिक मिळालेलं. १९६६च्या उन्हाळ्यात तो लागला. बर्लिनच्या थिएटरांत पक्षाने आपली माणसं पेरली, त्यांनी आरडाओरडा केला, आणि 'जनतेचा रोष' म्हणून चित्रपट उतरवला. म्हणजे बंदी घातली असं कुठे म्हणायचीही गरज नाही. लोकांनाच आवडला नाही!

चहाबाज

पेरलेल्या प्रेक्षकांना पगार होता की भत्ता?

फाइल_पुटअप

मला सिनेमातलं शष्प कळत नाही, पण धागाकर्त्याने सरकारी नोकरांना हाक मारली म्हणून आलो. मंत्रालयात अठ्ठावीस वर्षं काढून निवृत्त झालोय.

ही गोष्ट वाचून मला सिनेमा दिसलाच नाही. मला दिसली बदली. अहो, आमच्याकडे नको असलेल्या माणसाला कुणी बडतर्फ करत नाही. बडतर्फ केला की तो कोर्टात जातो, पेपरात जातो, हुतात्मा होतो. त्याला साइड पोस्टिंग देतात. ग्रेड तीच, पगार तोच, टेबल मात्र असं की तिथून काही बिघडवता येणार नाही. माणूस जिवंत, फाइल बंद. शिवाय उद्या वारं फिरलं तर परत आणता येतो, कारण हुशार माणूस कायमचा घालवणं कुठल्याच खात्याला परवडत नाही. बायरसाहेबांना ड्रेस्डेन दिलं ते याच हिशेबाने दिलं असणार. नाट्यगृहही सरकारीच ना?

रीळवाला

काका, तुम्ही एका परिच्छेदात जे लिहिलंत त्यावर लोक प्रबंध लिहितात. हो, नाट्यगृहही सरकारीच.

मुक्काम_पोस्ट_पॉट्सडॅम

फाइल_पुटअप काका, +१. नेमका हाच मुद्दा मला शब्दांत पकडता येत नव्हता. ड्रेस्डेननंतर तो दूरचित्रवाणीकडे गेला. ती पण सरकारी, पण खातं वेगळं, बर्लिनच्या आड्लर्सहोफ भागात. तिथे त्याने अनेक भागांच्या मालिका केल्या. आणि 'याकोब' झाला तो डेफा आणि दूरचित्रवाणी यांच्या भागीदारीत. म्हणजे एका खात्याने ढकललेला माणूस दुसऱ्या खात्याच्या दाराने आत आला.

फाइल_पुटअप

प्रतिनियुक्ती! डेप्युटेशनवर गेलेला माणूस मूळ खात्यात वाजतगाजत परत येतो. हे तर आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

खानदेशी_ठेचा

हसून हसून पुरेवाट. पण मूळ पिक्चरमध्ये होतं काय एवढं? कुणी स्टोरी सांगेल का. आम्ही इकडे नुसते फाइली बघतोय.

मुक्काम_पोस्ट_पॉट्सडॅम

सांगतो. मोठं रासायनिक संकुल उभं राहतंय. तिथे हानेस बाला हा सुतारांच्या टोळीचा नाईक. मानफ्रेड क्रूगने केलाय, आणि काय केलाय! काळ्या कॉर्डुरॉयचा सुतारी पोशाख, रुंद काठाची टोपी, चाल अशी की साइट याच्या बापाची. माल वेळेवर मिळत नाही म्हणून ही टोळी दुसऱ्यांच्या वाट्याचा माल सरळ पळवते आणि आपलं काम पुरं करते. सगळे वचकून असतात, पण काम होतं ते यांच्याकडूनच, त्यामुळे बोलणार कोण?

सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. उत्सवाचा दिवस, गावात सगळे नटूनथटून आलेत, आणि बालाची टोळी कपडे काढून गावच्या तळ्यात उतरते. पोलीस काठावर उभा राहून बाहेर या म्हणून दरडावतो. तर हे पठ्ठे त्यालाच गणवेशासकट आत ओढतात. चौथ्या-पाचव्या मिनिटाला कायद्याचं राज्य पाण्यात!

मग साइटवर नवा पक्षसचिव येतो, होराथ. कामाचा माणूस, बालालाही जिंकतो. कामं मार्गी लागतात. पण तो विवाहित, आणि तरुण इंजिनिअर काटी क्ले हिच्याशी त्याचं जुळतं. ती गरोदर राहते. बाप कोण हे ती सांगत नाही, आणि हा गृहस्थ सगळ्यांसमोर गप्प बसतो. चित्रपट उलगडतो तो होराथच्या पक्षीय चौकशीच्या बैठकीतून, मागे-पुढे जात.

आता बघा, पोलिसाला तळ्यात टाकलं ते एक वेळ खपलं असतं. पक्षसचिव खोटा वागतो आणि अराजकी सुतार त्याच्यापेक्षा सरळ निघतो, हे कसं खपणार?

खानदेशी_ठेचा

धन्यवाद. हे तर आपल्याकडच्या कुठल्याही धरणाच्या साइटवर घडेल. बघतोच.

तिरपा_डोळा

याच सुमाराची दुसरी केस ठेवतो. तार्कोव्हस्कीचा 'आंद्रेई रुबल्योव' १९६६ साली पुरा झाला, कान महोत्सवात १९६९ला समीक्षकांचं पारितोषिक मिळालं, आणि सोव्हिएत थिएटरांत तो लागला १९७१ साली. पैसा सरकारचा, अडवणूकही सरकारची. पण तीन तासांचा, कृष्णधवल, मध्ययुगीन साधूवरचा चित्रपट दुसऱ्या कुठल्या व्यवस्थेत मुळात तयार झाला असता? धागाकर्त्याशी सहमत.

चहाबाज

धाग्यात तार्कोव्हस्की आला. आता प्रतिसादांची पन्नाशी नक्की.

स्पष्टच_सांगते

@तिरपा_डोळा, तुम्ही दोघेही यशस्वी लोकांची उदाहरणं देताय. ज्यांचं नाव आपल्याला माहीतच नाही त्यांचं काय?

डेफातल्याच ईरिस गुस्नर घ्या. मॉस्कोत शिकून आल्या. १९७३ साली पहिला चित्रपट केला, 'डी टाउबं आउफ डेम डाख'. तोही बांधकामाच्या साइटवरचा, पण केंद्रस्थानी साइट सांभाळणारी बाई. स्टुडिओने तो लागूच दिला नाही. आणि नुसता कपाटात नाही ठेवला, रंगीत निगेटिव्ह नष्ट झालं. आज बघायला मिळतो तो कृष्णधवल, उरलेल्या सामग्रीवरून उभा केलेला. पहिलाच चित्रपट असा पुसला गेला तर माणसाच्या मनाचं काय होत असेल?

बायर पुरुष, नाव झालेला, पक्षाचा सभासद. त्याला 'साइड पोस्टिंग' मिळतं. नवख्याला तेही नाही.

दुसरं, रांग. सत्तर-ऐंशीच्या दशकात शिकून आलेली पोरं वर्षानुवर्षं सहाय्यक म्हणून राबली, कारण वरच्या जागा भरलेल्या. कायम नोकरीची ही दुसरी बाजू. पेटर काहानंचा 'डी आर्शिटेक्टन' बघा. चाळिशीला टेकलेला वास्तुरचनाकार, त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं काम मिळतं आणि समित्या त्याच्या आराखड्याचे लचके तोडतात. त्या सिनेमाचं चित्रीकरण चालू असतानाच बर्लिनची भिंत उघडली. ज्याच्याविरुद्ध ओरडायचं ते राज्यच चित्रपट लागेपर्यंत संपत आलं होतं.

मिरजेचा_फोटोवाला

जरा अवांतर. पूर्व जर्मनी म्हटलं की आमच्या घरात एकच नाव: ओर्वो. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट, लग्नं, बारशी सगळं ओर्वोच्या कृष्णधवल रोलवर. कोडॅक परवडायची नाही आणि मिळायचीही नाही, ओर्वो मिळायची. वडील अंधाऱ्या खोलीत रोलचं टोक दातात धरून दोन्ही हातांनी रिळावर चढवायचे, ते अजून आठवतं. खोके भगव्या-पांढऱ्या रंगाचे, रिकामे झाले की आईच्या बटणांचे डबे. या डेफावाल्यांची फिल्मही ओर्वोच असणार ना?

रीळवाला

असणारच. वोल्फनचा कारखाना, मूळचा आग्फाचा. युद्धानंतर तो पूर्वेकडे राहिला, पश्चिमेतल्या आग्फाशी नावाचा घोळ होऊ लागला म्हणून १९६४ साली ओर्वो झाला. आपला त्यांच्याशी व्यवहार रुपयात चालायचा, डॉलर लागायचे नाहीत. म्हणून आपल्या बाजारात एवढी ओर्वो दिसायची. सिनेमावालेही वापरायचे. रंगीत ओर्वोबद्दल कॅमेरामन मंडळींचं मत विचारू नका. :)

कोल्हापुरी_तांबडा

रीळवाला काका असल्यावर प्रभातची आठवण निघाली नाही याचंच नवल. पगारी दिग्दर्शक, पगारी नट, पगारी सुतार हे आपल्याकडे सरकारशिवाय होतंच की. १९२९ला कोल्हापुरात प्रभात सुरू झाली, १९३३ला पुण्याला गेली. सगळे महिन्याच्या पगारावर, शिस्त कडक, माल एक नंबर. डेफाने काय वेगळं केलं?

रीळवाला

प्रश्न रास्त. फरक एकच, पण मोठा. प्रभातच्या मालकांत दामले, फत्तेलाल, शांताराम स्वतः होते. बनवणारे आणि मालक एकच. आणि पटेनासं झालं तेव्हा १९४२ला शांताराम बाहेर पडले, मुंबईला राजकमल काढली. बायरने कुठे जायचं? १९६१ला भिंत बांधली गेली. त्याआधी बर्लिनमध्ये लोकलने पलीकडे जाता यायचं, कित्येक कलाकार पश्चिम बर्लिनला राहून बाबेल्सबर्गला कामाला यायचे. भिंतीनंतर मालक एकच उरला.

(आणि गंमत बघा, प्रभात बंद पडल्यावर त्याच जागेत १९६० साली सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट काढली. इथे खाजगीचं सरकारी झालं, बाबेल्सबर्गला शेवटी सरकारीचं खाजगी. त्यावर नंतर येतो.)

लघुपटकर

धागा वाचून राहवलं नाही. मी स्वतंत्र काम करतो, पोटापाण्यासाठी सरकारी माहितीपट केलेत. एका खात्यासाठी पाणलोटाच्या कामावर बारा मिनिटांची फिल्म होती. निविदा भरली, एल-वन (सर्वांत कमी दराचा) आलो, कार्यादेश मिळाला. गावात राहून शूटिंग केलं. एक आजी होत्या, विहिरीला पाणी आलं तेव्हा त्यांनी आत वाकून नुसती हाक मारली आणि आवाज कसा बदललाय ते आम्हाला ऐकवलं. आधी कोरडी विहीर घुमायची, आता घुमत नाही. अख्खी फिल्म त्या एका शॉटवर उभी होती.

पहिल्या प्रदर्शनाला साहेब म्हणाले, म्हातारी ओरडते कशाला? काढा. कोनशिला का दिसत नाही? घाला. अंतिम प्रतीत बांध दोन सेकंद, कोनशिला अकरा सेकंद.

म्हणून मला डेफातल्या त्या द्रामातुर्गांचा हेवा वाटला. समोर बसलेल्या माणसाला निदान सिनेमा कळायचा. त्याच्याशी भांडता यायचं. मला भांडायला कुणी नव्हतंच, साहेबांचं लक्ष मोबाइलवर होतं.

स्पष्टच_सांगते

विहिरीत हाक मारणाऱ्या आजींचं फुटेज जपून ठेवलंय ना? ठेवा.

पण एक सांगू का, सिनेमा कळणारा माणूस समोर असणं जास्त घातक. तो नेमकं ओळखतो कुठे दुखेल ते. तुमच्या साहेबांना तो शॉट कळला नाही म्हणून काढला. बाबेल्सबर्गला कळल्यामुळे काढला असता.

लघुपटकर

हे मात्र बिनतोड.

फाइल_पुटअप

साहेबांची बाजू कुणी मांडत नाही म्हणून मी मांडतो. कोनशिला दिसली नाही तर वरून फोन त्यालाच येतो. तुम्ही पुढच्या निविदेला मोकळे, तो तिथेच बसलेला.

तिरपा_डोळा

'याकोब'बद्दल कुणीच लिहिलं नाही. पटकथा युरेक बेकरची, ज्याचं स्वतःचं बालपण पोलंडमधल्या लोड्झच्या घेटोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत गेलं. घेटोतला याकोब चुकून ऐकलेली एक बातमी सांगतो, आणि लोकांचा विश्वास बसावा म्हणून थाप मारतो की माझ्याकडे रेडिओ आहे. मग रोज नवी बातमी बनवावी लागते. ही पटकथा बायर १९६६लाच करणार होता. 'श्पूर'चं प्रकरण झालं आणि ते राहिलं. तोवर बेकरने त्याच पटकथेची कादंबरी केली, ती १९६९ला आली आणि गाजली. मग त्या कादंबरीच्या जोरावर चित्रपट झाला. व्लास्तिमिल ब्रोड्स्की या चेक नटाला पश्चिम बर्लिनच्या महोत्सवात १९७५ला अभिनयाचं रौप्य अस्वल मिळालं.

म्हणजे ताई, बंदी आली नसती तर कादंबरीच आली नसती! चांगलं झालं म्हणायचं की वाईट?

स्पष्टच_सांगते

असल्या हिशेबाने तर भूकंपालाही धन्यवाद द्यावे लागतील. बेकरने आपल्या हिमतीवर कादंबरी लिहिली, त्याचं श्रेय बंदी घालणाऱ्याला?

रीळवाला

ताईंच्या बाजूला मी. पण गोष्ट इथे संपत नाही. 'याकोब'मुळे बायरचं पुनर्वसन झालं म्हणेपर्यंत नोव्हेंबर १९७६ उजाडला. गायक-कवी वोल्फ बियरमान पश्चिम जर्मनीत कार्यक्रमाला गेला असताना सरकारने त्याचं नागरिकत्वच काढून घेतलं. लेखक-कलाकारांनी निषेधाचं पत्र काढलं. बेकर, क्रूग, बायर सगळ्यांनी सह्या केल्या. क्रूग म्हणजे देशातला सर्वांत लाडका नट, पण कामं मिळेनाशी झाली आणि १९७७ला तो पश्चिमेला गेला. त्याच वर्षी बेकरही.

बायर राहिला. १९७८ला दूरचित्रवाणीसाठी 'गेश्लॉसनं गेझेलशाफ्ट' केला, एका मोडकळीला आलेल्या लग्नाची गोष्ट. तो दाखवला, पण रात्री उशिरा, जेव्हा कुणी बघणार नाही. त्यातला नायक आर्मिन म्यूलर-श्टाल, तोही १९८०ला गेला. १९८०लाच बायरला पक्षातून काढलं. आणि मग सरकारने काय केलं असेल? त्याला पश्चिम जर्मनीत जाऊन काम करायची परवानगी दिली! तो तिकडे टीव्हीसाठी चित्रपट करून परत आला आणि १९८३ला पुन्हा डेफात 'डेर आउफेंटहाल्ट'. तो बर्लिन महोत्सवातून मागे घ्यावा लागला, या वेळी पोलंडने हरकत घेतली म्हणून.

फाइल_पुटअप

पक्षातून काढलेला माणूस परदेशी पाठवला, तो परत आला, आणि त्याच खात्यात रुजू झाला?? मान गये. आमच्याकडे एवढं केलं असतं तर सेवापुस्तिका हरवली असती.

चहाबाज

पेन्शन बसली का पण शेवटी?

मुक्काम_पोस्ट_पॉट्सडॅम

पेन्शनचं माहीत नाही, शेवटाचं सांगतो, कारण माझा मुद्दा तिथेच येतो.

भिंत पडली तेव्हा 'श्पूर' कपाटातून बाहेर आला आणि फेब्रुवारी १९९०च्या बर्लिन महोत्सवात दाखवला गेला. चित्रपट केला तेव्हा बायर चौतिशीचा, आता सत्तावन्न. दोनच वर्षांत, १९९२ला, बाबेल्सबर्ग एका फ्रेंच कंपनीला विकला गेला. पगारी दिग्दर्शक हा प्रकारच संपला. कित्येकांनी त्यानंतर एकही चित्रपट केला नाही.

बायर टिकला, टीव्हीवर. १९९५ला 'निकोलायकिर्शं', लाइपझिगच्या आंदोलनावरचा. आणि मग त्याच्याकडे 'यारेस्टागं' आला, उवं योनझनच्या महाकाय कादंबरीवरचा, मोठ्या बजेटचा. त्याची तयारी त्याने केली, निर्मात्यांशी बिनसलं, आणि चित्रपट गेला मार्गारेटं फॉन ट्रोटाकडे. या वेळी ना केंद्रीय समिती, ना पेरलेले प्रेक्षक. करार संपला, विषय संपला. २००६ला बर्लिनमध्ये वारला.

काडी टाकताना मी जे म्हणालो त्यातला अर्धा भाग अजून धरून आहे. स्पष्टच_सांगते ताईंचा आठ वर्षांचा मुद्दा खोडता येत नाही, आणि गुस्नरचा तर नाहीच. पण दोन वेळा हातातून काम गेलं, एकदा राज्याकडून, एकदा बाजाराकडून. राज्याने आठ वर्षांनी परत बोलावलं. बाजाराला त्याला परत बोलवायची गरज पडली नाही.

स्पष्टच_सांगते

परत बोलावलं कारण दुसऱ्या कुणाकडे जायची सोय त्या राज्यानेच बंद केली होती. आणि बाजारात काम गेलं तरी त्याने २००१ला आत्मचरित्र लिहिलं, छापलं, कुणाची सही लागली नाही. हे पण हिशेबात धरा.

मुक्काम_पोस्ट_पॉट्सडॅम

धरलं.

खानदेशी_ठेचा

काल रात्री 'कार्बिड'पासून सुरुवात केली. दीड तासाच्या आतच संपतो, पिंपं हळूहळू कमी होत जातात. रशियन अधिकारी, अमेरिकन अधिकारी, नवरा शोधणारी विधवा, सगळ्यांची यथेच्छ टिंगल. १९६३ला हे चाललं आणि १९६६ला पक्षसचिव चालला नाही? लॉजिक काय?

रीळवाला

'कार्बिड' १९४५मध्ये घडतो. 'श्पूर' आत्ता, इथे, आपल्या साइटवर.

कोल्हापुरी_तांबडा

सबटायटल मिळतात का पण? आमचं जर्मन 'गूटन टाग'ला संपतं.

मुक्काम_पोस्ट_पॉट्सडॅम

इंग्रजी सबटायटलसह मिळतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डेफा ग्रंथालयाने बऱ्याच डीव्हीडी काढल्यात. 'श्पूर' सव्वादोन तासांच्या वर आहे, जेवून बसा.

फाइल_पुटअप

तळ्यातला पोलीस तेवढा बघितला, नातवाने मोबाइलवर लावून दिला. त्या पोलिसाने नंतर रिपोर्ट काय लिहिला असेल, याच विचारात आहे.